घरमालकीण हरवते तेव्हा

नांदेडच्या त्या घटनेतलं जवळजवळ सगळं मला आजही आठवतं, आणि आठवलं की हसू येतं. पोलिसाच्या गाठीशी हसू आणणाऱ्या आठवणी फार नसतात, म्हणून ही लिहून ठेवतो आहे. नावं कोणाचीच देत नाही. सगळी माणसं हयात आहेत आणि आपापल्या ठिकाणी बरी आहेत.

तेव्हा मी शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळची हजेरी आटोपून आदल्या दिवसाची स्टेशन डायरी चाळत बसलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार एका चाळिशीच्या गृहस्थाला घेऊन आत आले. कडक इस्त्रीचा शर्ट आणि डोळे मात्र रडल्यासारखे लाल. हे गृहस्थ पुण्यात मोठ्या नोकरीला होते, दिवाळीच्या सुट्टीत आईकडे आले होते. आई सत्तरीच्या पुढची. वडील रेल्वेत होते, ते वारल्यापासून त्यांनी बांधलेल्या घरात ती खालच्या मजल्यावर एकटी राहायची. आदल्या दिवशी मुलगा बाजारात जाऊन परत आला तर घराला कुलूप, किल्ली कुंडीखाली आणि आईचा पत्ता नाही.

"साहेब, आईला भाडेकरूनं गायब केलंय," तो म्हणाला.

"कोण भाडेकरू?"

"वर राहणारी बाई. खासगी दवाखान्यात नर्स आहे. नवरा तिकडे किनवटच्या बाजूला आश्रमशाळेत मास्तर आहे, शनिवार-रविवार येतो. करारनामा नाही, काही नाही. आईनं तोंडी ठेवून घेतलं. मी जागा सोडायला सांगितलं तर सोडत नाहीत. घर बळकवायचंय त्यांना. अपहरणाचा गुन्हा दाखल करा आणि त्यांना आजच्या आज बाहेर काढा. दोन पोलीस उभे केलेत तरी पुरे."

असा अर्ज घेऊन येणारा तो पहिला नव्हता. पोलीस म्हणजे भाडेकरू काढायचं यंत्र, असं पुष्कळ लोकांना वाटतं. मी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, "ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आई सापडत नाही, हे माझं काम. ते मी आत्ता सुरू करतो. भाडेकरू काढणं हे कोर्टाचं काम. कोर्टाच्या हुकमाशिवाय मी त्यांची बादलीसुद्धा बाहेर ठेवू शकत नाही."

त्याला ते रुचलं नाही. पण आईचा फोटो मोबाइलवर दाखवताना त्यानं काच दोनदा शर्टाला पुसली, ते मी पाहिलं. मिसिंगची नोंद केली. वायरलेसवरून सगळ्या ठाण्यांना वर्णन कळवलं. सरकारी दवाखाना, रेल्वे पोलीस, बसस्थानक, गुरुद्वाऱ्याचं लंगर, सगळीकडे माणसं पाठवली. एक पथक गोदावरीच्या घाटांवर पाठवलं, तेव्हा हा गृहस्थ आपणहून त्यांच्या जीपमध्ये जाऊन बसला.

मी एक हवालदार आणि महिला शिपाई घेऊन घर पाहायला गेलो. बळजबरीनं नेलेल्या माणसाच्या घरात काहीतरी अर्धवट राहतं. दूध ओट्यावर राहतं, दिवा जळत राहतो, चष्मा उशाला राहतो. इथे तसं काही नव्हतं. गॅसचं बटण बंद, दुधाचं पातेलं घासून पालथं घातलेलं, फ्रीजमध्ये नासेल अशी एकही वस्तू नाही. चष्मा नाही, चपला नाहीत, गोळ्यांचा डबा नाही. मोबाइल मात्र फडताळात बंद करून ठेवलेला. महिला शिपाई म्हणाली, "सर, ही बाई गावाला गेलीये." मलाही तसंच वाटलं. पण वाटण्यावर तपास बंद करता येत नाही. म्हातारं माणूस घर आवरून जीव द्यायलाही जातं, हे मी पाहिलेलं होतं.

अंगणात शेजारचे जमले होते. एक जण माझ्या कानाशी लागून म्हणाला, "आम्ही काकूंना आधीच सांगितलं होतं साहेब, असल्या लोकांना घर देऊ नका." 'असल्या' म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. जिना चढून वर गेलो, तर समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. खालच्या माणसाला काय म्हणायचं होतं ते कळलं.

त्या बाईंना गल्लीत सगळे सिस्टर म्हणत, मीही तेच म्हणतो. पंचेचाळिशीच्या, शांत चेहऱ्याच्या. त्या महापालिकेच्या नळावरून बादली भरून जिना चढून आल्या होत्या. मी विचारलं, "वर पाणी येत नाही?"

"कालपासून बंद हाय. मोटरचा फ्यूज काढून नेलाय काकूंच्या मुलानं."

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरीच, महिला पोलिसासमोर घ्यायचा असतो, तसा घेतला. त्या म्हणाल्या, "मी सकाळी ड्युटीवर गेले तवा काकू होत्या. पुढचं मला काही माहीत न्हाई."

पाच-सहा प्रश्न विचारले. प्रत्येकाला तेच उत्तर. त्या खोटं बोलत होत्या, आणि त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, हे दोन्ही दिसत होतं. मात्र मला खटकलं ते दुसरंच. घरातलं किंवा शेजारचं माणूस हरवलं की लोक पोलिसाला प्रश्न विचारून हैराण करतात. सापडतील ना? कुठे पाहिलं? नदीवर पाहिलं का? ज्यानं गुन्हा केलेला असतो तो तर जरा जास्तच विचारतो. सिस्टरनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

दुपारपर्यंत दबाव वाढला. एका वजनदार माणसाचा फोन आला, की पुण्याचा मुलगा आपल्या ओळखीचा आहे, जरा 'सक्ती' करा. माझा हवालदार जुना माणूस, तोही म्हणाला, "साहेब, बाईला ठाण्यात आणून बसवू. तासाभरात बोलंल." मी नाही म्हटलं. एकदा त्या बाईला गल्लीतून पोलीस गाडीत बसवलं असतं, तर पुढे ती निर्दोष निघूनही त्या गल्लीत राहू शकली नसती. गाडीत बसताना सगळे पाहतात. सुटून येताना कोणी पाहत नाही.

जेवणाच्या सुमारास एक रिक्षावाला आपणहून ठाण्यात आला. रिक्षा स्टँडवर आमच्या माणसानं फोटो दाखवला होता.

"ह्या आजीला मीच सोडलं, साहेब. स्टँडवर. यष्टीच्या."

"सोबत कोण होतं?"

"कुणी न्हाई. एकटीच. पिशवी होती अन् थर्मास होता. मी आपलं गंमतीनं म्हनलो, आजी, चहा पाजता का? तर म्हनली, चहा न्हाई रे बाबा, बर्फ हाय. मी म्हनलो, एवढ्या थंडीत बर्फ? तर हसून राहिली नुसती."

"कोणत्या गाडीत बसली?"

"ते न्हाई बघितलं. हदगाव-हिमायतनगरच्या गाड्या लागतात तिकडं चालली होती."

त्या माणसाला मी चहा पाजला. म्हातारी एकटी, हसत, स्वतःच्या पायानं गेली होती. अपहरण तिथेच संपलं. पण थर्मासातला बर्फ डोक्यातून जाईना. घाटावरून परत आलेल्या मुलाला मी विचारलं, "आईला कसली औषधं चालू आहेत?"

"बीपीची गोळी. आणि साखर आहे, त्याचं इन्सुलिन."

इन्सुलिन थंड ठेवावं लागतं, बर्फ त्यासाठी होता. "इन्सुलिन कोण टोचतं?"

त्यानं जरा आठवून पाहिलं. मग म्हणाला, "ती वरची बाईच देते वाटतं." आईला रोज सुई कोण टोचतं, हे त्याला नीट माहीत नव्हतं. ते त्याच्याही तेव्हाच लक्षात आलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली.

मी महिला शिपायाला घेऊन पुन्हा सिस्टरकडे गेलो. या वेळी वही उघडली नाही.

"काकूंना इन्सुलिन कोण देतं?"

"मीच देते. सकाळ-संध्याकाळ."

"मग आज सकाळी कोणी दिलं?"

सिस्टर भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "दिलं असंल कुणीतरी."

"कुणीतरी म्हणजे? खेड्यात कोणाच्या तरी हातून घेतलं असेल. कमी-जास्त झालं, म्हातारी चक्कर येऊन पडली, तर जबाबदार कोण?"

"कमी-जास्त कसं होईल?" त्या एकदम उसळून म्हणाल्या. "माझी थोरली बहीण हाय ती! आयुष्य गेलं तिचं आरोग्य खात्यात."

बोलून गेल्या आणि पदर तोंडाला लावून खाली बसल्या. नर्सच्या कामावर शंका घेतली की नर्स गप्प बसत नाही. त्याच्या जोरावर मी प्रश्न टाकला होता, आणि तो लागला.

महिला शिपायानं त्यांना पाणी दिलं. मग त्यांनी सांगितलं. बहीण हदगाव तालुक्यात आरोग्य उपकेंद्रावर होती. काकू तिच्याकडे होत्या, सुखरूप होत्या.

"मग हे आधी का नाही सांगितलंत? तुमच्यावर अपहरणाचा आळ येतोय."

"काकूंनी माझ्या पोरीची शपथ घातली मला. पोराची सुट्टी संपूस्तोवर कुणाला सांगू नको म्हनल्या. त्यांच्या पोराला सांगू नका साहेब, आधी त्यांचं ऐका."

मी हदगाव ठाण्याला फोन लावला. तिथल्या बीट अंमलदारानं गावात जाऊन खात्री केली आणि कळवलं की आजी ओट्यावर बसून शेंगा फोडत आहेत. मी मुलाला बोलावून एवढंच सांगितलं, "आई सुखरूप आहे. कुठे आहे ते उद्या तिलाच विचारून सांगेन." तो खुर्चीत बसून ओक्साबोक्शी रडला. नदीकाठी सकाळपासून काय पाहत हिंडला असेल, ते मला तेव्हा कळलं. घर त्याला हवं होतंच, पण आईही हवी होती. माणसं बहुधा अशीच मिसळलेली असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हदगावकडे निघालो. कापसाची वेचणी जोरात होती, रस्त्यानं गाठोडी भरलेले टेम्पो चालले होते. उपकेंद्रामागच्या क्वार्टरच्या ओट्यावर काकू उन्हाला बसल्या होत्या. बुटक्या, ठसठशीत, नाकावर चष्मा. मला गणवेशात पाहून घाबरल्या नाहीत.

"आलात? मला वाटलंच, ती माझी वरची पोरगी काही पोटात ठेवायची न्हाई. बसा. आधी चहा घ्या."

"काकू, तुमच्या मुलानं तुमच्यासाठी नदी पालथी घातली."

त्यांचा चेहरा उतरला. "नदी? अगं बाई. मला वाटलं, रागावंल आन् जाईल पुण्याला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलानं घर एका बिल्डरला द्यायचं ठरवलं होतं. काकूंनी पुण्याला अकराव्या मजल्यावर जाऊन राहायचं. बिल्डरला घर रिकामं हवं होतं, म्हणून वरचे लोक भाडेकरू नाहीत, जबरदस्तीनं घुसलेत, असं काकूंनी लिहून द्यायचं. सुट्टी संपायच्या आत सह्या उरकायच्या होत्या.

"मी घुसखोर कशी म्हनू तिला? हे दवाखान्यात होते शेवटचे, तवा हिनंच केलं सगळं त्यांचं. हिला त्या वेळी घर मिळून राहिलं न्हवतं. जाईल तिथं आडनाव विचारायचे आन् घर दुसऱ्याला दिलं म्हनायचे. मी म्हनलं, ये माझ्या माडीवर. दर महिन्याला भाडं देती, पावती मीच करत न्हाई, आळस. आता तिला चोर ठरवू?"

"मग मुलाला सरळ नाही म्हणायचं. घर तुमच्या नावावर आहे."

काकूंनी हातातली शेंग फोडली. "साहेब, तुम्हाला लेकरं हायत का?"

"दोन आहेत."

"त्याच्या तोंडावर न्हाई म्हनता येईना मला. तो म्होरं बसला की मी ते लहानपणीचं तोंड बघते आन् हाव म्हनून बसते. म्हनून पळाले. सुट्टी संपली की गेला असता आपोआप."

महिला शिपाई तोंड फिरवून हसत होती. मी हसू दाबून काकूंचा जबाब लिहून घेतला, की मी स्वखुशीनं आले आहे, मला कोणी पळवलेलं नाही. सज्ञान माणसानं कुठे राहायचं हे त्याचं त्यानं ठरवायचं असतं, त्यांना परत चला म्हणायचा मला अधिकार नव्हता. पण मी म्हटलं, "काकू, तुम्ही इथे बसलात तर तिकडे सिस्टरवरचा आळ तसाच राहतो. गल्लीला पुरावा लागत नाही."

त्या लगेच उठल्या. "पिशवी घेते. तुम्ही सोबत राहणार न्हवं?"

"राहतो."

नांदेडला पोहोचलो तेव्हा मुलगा फाटकातच उभा होता. आई उतरताच त्यानं वाकून तिचे पाय धरले. काकूंनी त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि मग तोंडावरून हात फिरवला. शेजारचे पुन्हा जमले होते. काकू मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "सिस्टरच्या बहिणीकडं गेले होते मी. चार दिस हवापालट. झालं समाधान?"

घरात बसल्यावर मुलगा म्हणाला, "आई, मला भीती वाटली होती गं. ह्या लोकांनी तुला..."

"ह्या लोकांनी म्हंजे कोणी?" काकूंनी विचारलं.

सिस्टर दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पाण्याचे पेले ठेवले आणि जायला निघाल्या, तर काकूंनी त्यांना हाताला धरून आपल्याजवळ बसवलं. मग मुलाकडे पाहिलं, नंतर माझ्याकडे पाहिलं, आणि डोळे मिटून एका दमात म्हणाल्या, "मी घर देणार न्हाई. पुण्याला येनार न्हाई. हिला काढनार न्हाई." आणि डोळे उघडून, "राग येऊ देऊ नको रे बाबा."

मुलानं खुर्ची आईच्या पुढ्यात ओढली. "एवढंच सांगायचं होतंस तर सांगायचं ना, आई," तो म्हणाला.

"सांगितलं की आता."

त्याला मी काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या. करारनामा केलेला नाही म्हणून भाडेकरू घुसखोर ठरत नाही. भाडे नियंत्रण कायद्यानं करार लेखी करून त्याची नोंदणी करायची जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. त्यानं ती पाळली नाही, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच खऱ्या धरल्या जातात, त्या खोट्या आहेत हे मालकाला सिद्ध करावं लागतं. घर विकलं तरी भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, नवा मालक त्याचा मालक होतो. अकरा महिन्यांच्या कागदाला नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. आणि भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडणं हा तर सरळ गुन्हा आहे.

"सिस्टर, पाण्याबद्दल तुमची तक्रार आहे का?" मी विचारलं.

सिस्टर म्हणाल्या, "न्हाई साहेब. आम्हाला घर बळकवायचं न्हाई. आमच्या प्लॉटवर बांधकाम झालं की आम्ही आपणहून जाऊ. फक्त चोरासारखं निघायचं न्हवतं."

मुलगा उठला. खिशातून फ्यूज काढून मोटरपाशी गेला. थोड्या वेळानं वरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. परत येऊन तो सिस्टरना म्हणाला, "आईचं इन्सुलिन कसं द्यायचं ते मला शिकवाल का? मी असेन तेव्हा मी देईन." सिस्टरनी मान हलवली. मला वाटतं, त्याला जमली तशी त्यानं माफी मागितली.

मिसिंगचा तपास मी बंद केला. काकूंना विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडे पाठवलं. त्याच आठवड्यात भाडेकराराची रीतसर नोंदणी झाली आणि भाडेकरूची माहितीही ठाण्यात जमा झाली. करारावर साक्षीदार म्हणून मुलानं सही केली. त्यासाठी त्यानं सुट्टी वाढवून घेतली होती.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. एक तर, समोरचा माणूस काय बोलतो याइतकंच त्यानं काय विचारलं नाही याकडे लक्ष द्यावं. दुसरं म्हणजे, घराच्या भांडणात जो आधी ठाण्यात येतो तो खरा, असं धरून चालू नये. आणि कागदाबद्दलचं माझं मत बदललं. पूर्वी मला वाटायचं की जिथे विश्वास नाही तिथे लोक करार करतात. त्या दोघींमध्ये विश्वास भरपूर होता, म्हणूनच त्यांनी कागद केला नाही, आणि बाहेरच्या माणसाला बोट शिरकवायला तेवढी फट पुरली. कायद्यातली ती कलमं मी परीक्षेसाठी पाठ केली होती, कळली मात्र काकूंच्या बैठकीत.

निवृत्त होऊन मी लातूरला स्थायिक झालो. मागच्या वर्षी सिस्टरचा फोन आला, नांदेडच्या बाहेरच्या बाजूला त्यांचं घर बांधून झालं होतं, कार्यक्रमाला या म्हणाल्या. मी आणि सौ. गेलो. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. खालच्या मजल्यावरच्या एका खोलीत काकू कॉटवर बसलेल्या, आणखी बुटक्या झालेल्या. आता एकटं राहवत नाही, म्हणून त्यांनी आपलं घर अखेर स्वतःच्या मर्जीनं विकलं होतं, मुलाचा वाटा त्याला दिला होता, आणि त्या इकडे राहायला आल्या होत्या. मुलगाही सहकुटुंब आला होता, पंगतीत वाढत होता.

"म्हणजे आता सिस्टरच्या पाहुण्या झालात," मी म्हणालो.

"पाहुणी कशाची?" काकू ताठ बसून म्हणाल्या. "भाडेकरू हाय मी. रजिस्टर करार केलाय, तुमच्या ठाण्यात कळवलंय. ही नको-नको म्हनत होती, मीच हट्ट केला." मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "नळाला पानी जरा बारीक येतं हो. तेवढं सांगता का घरमालकिणीला?"